नोव्हेंबरचा बर्फ

नोव्हेंबरच्या शेवटी फिनलंडच्या उत्तरेला, कुसामोजवळच्या रुका इथं सकाळी दहाच्या सुमारास उजाडतं आणि दुपारी अडीचच्या आत दिवस मावळतो. मधल्या वेळातही सूर्य वर येत नाही, झाडांच्या आडून क्षितिजालगत सरकतो इतकंच. आर्क्टिक वृत्त इथून जेमतेम पन्नास किलोमीटरवर आहे. पारा शून्याखाली दहा, पंधरा, कधी अठरा. उणे २० अंशांच्या खाली गेला तर नियमानुसार शर्यत पुढे ढकलावी किंवा रद्द करावी लागते. म्हणून थंडी कडाक्याची असली की मार्गावरची सर्वांत गार, खोलगट जागा कुठली आणि तिथे किती अंश आहेत, याची पहाटेपासून विचारपूस सुरू होते. क्रॉस-कंट्री स्कीइंगच्या विश्वचषकाचा हंगाम गेली अनेक वर्षं बहुधा इथूनच सुरू होत आला आहे.

स्कीइंग म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गुलमर्गचा उतार येतो: वर पाळण्यातून जायचं, खाली घसरत यायचं. क्रॉस-कंट्रीत पाळणा नाही. मार्गाचा साधारण एक तृतीयांश भाग चढाचा, तेवढाच उताराचा आणि उरलेला उंचसखल. चढ स्वतःच्या पायांनी आणि हातांतल्या दांड्यांच्या जोरावर चढायचा. अंतर एक तृतीयांश असलं, तरी शर्यतीचा निम्म्याहून अधिक वेळ चढावरच जातो आणि हार-जीतही बहुतेक तिथेच ठरते. दहा किलोमीटरची शर्यत उत्तम पुरुष खेळाडू बावीस ते पंचवीस मिनिटांत संपवतात. २०२२–२३च्या हंगामापासून विश्वचषकात स्त्रिया आणि पुरुष सारखीच अंतरं धावतात. हा बदल फार आधी व्हायला हवा होता असं मला वाटतं.

या पहिल्या शर्यतीच्या रेषेवर उभा असलेला खेळाडू शेतकऱ्यासारखा असतो. पेरून झालंय, खुरपून झालंय, पण उगवलंय काय ते अजून दिसलेलं नाही. उत्तरेकडच्या स्कीपटूंचं वर्ष मे महिन्यात सुरू होतं. मेपासून ऑक्टोबरपर्यंत बर्फ नसतो, असतो तो डांबरी रस्ता आणि चाकांच्या आखूड रोलर स्की. डोंगरातलं धावणं, सायकल, व्यायामशाळा हेही असतंच. नॉर्वेच्या मारित ब्योर्गेननं ऑलिंपिकमध्ये १५ पदकं मिळवली. तिच्या सतरा वर्षांच्या सरावाच्या नोंदी संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केल्या. विशीत वर्षाला सव्वापाचशे तासांच्या आसपास असलेला तिचा सराव पुढे नऊशे तासांच्या वर गेला होता, आणि त्यातला फार मोठा भाग संथ गतीचा होता, शेजारच्याशी गप्पा मारता येतील इतका संथ. म्हणजे सहा महिने शरीर दमादमानं चालणं शिकतं आणि नोव्हेंबरात एके दिवशी त्याला जिवाच्या आकांतानं पळायला सांगितलं जातं. सरावात मधूनमधून जोराचे तुकडे असतात, वेळ लावून घेतलेल्या चाचण्या असतात. तरीही छातीवर क्रमांक बांधून धावण्याची सर त्यांना येत नाही. उन्हाळ्यात कमावलेलं बळ शरीरात असतंच. ते शर्यतीच्या वेगात कसं खर्च करायचं याचा सराव मात्र मोडलेला असतो, आणि तो पुन्हा बसायला एक शर्यत पुरत नाही. तीन-चार तरी लागतात.

त्यात रोलर स्की एक वाईट खोड लावून जाते. क्लासिक पद्धतीत, म्हणजे समांतर खाचांमधून पुढे-मागे पाय टाकत जाण्याच्या पद्धतीत, दर पावलाला स्की क्षणभर बर्फात रोवून मागे रेटा द्यावा लागतो. क्लासिकच्या रोलर स्कीचं एक चाक उलट फिरतच नाही. त्यामुळे रेटा उशिरा दिला, तिरका दिला, तरी पाय सटकत नाही. बर्फ असली मेहेरबानी करत नाही. वजन स्कीवर पुरतं पडायच्या आधी किंवा नंतर रेटा दिला की स्की मागे घसरते आणि ती ताकद वाया जाते. खेळाडू अनुभवी असला तरी पहिले काही दिवस हे घसरणं त्याच्या वाट्याला येतंच. बर्फावर कमीत कमी दोन-तीन आठवडे काढल्याशिवाय शर्यतीला उभं राहायचं नाही, असा पुष्कळांचा आग्रह असतो तो यासाठी.

पण ऑक्टोबर-नोव्हेंबरात हा दोन-तीन आठवड्यांचा बर्फ आणायचा कुठून?

याचं एक उत्तर फार जुन्या पद्धतीचं आहे. आपल्याकडे बर्फाच्या लाद्या भुशात गुंडाळून नेत असत, तेच मोठ्या प्रमाणावर करायचं. स्वित्झर्लंडमधल्या दावोसला हिवाळ्यात साठवलेला बर्फाचा ढीग उन्हाळाभर लाकडाच्या भुशाच्या जाड थराखाली झाकून ठेवतात. वरचा भुसा ओला होतो, त्यातलं पाणी वाफ होऊन जाताना उष्णता घेऊन जातं आणि आतला बर्फ बराचसा टिकतो. ऑक्टोबरच्या शेवटी भुसा बाजूला सारून तोच बर्फ चारेक किलोमीटरच्या मार्गावर पसरतात. स्वीडनमधल्या ओस्टरसुंडला, फिनलंडमधल्या वुओकातीलाही अशीच साठवण होते. वुओकातीत तर १९९७ पासून स्कीचा बोगदाच आहे. बाहेर जुलैचं ऊन असताना आत शून्याखालच्या गारठ्यात लोक ये-जा करत असतात. हंगामाच्या सुरुवातीच्या छायाचित्रांत दिसणारी तपकिरी रानातून गेलेली पांढरी पट्टी बहुधा गेल्या हिवाळ्याचा बर्फ असते. ती पाहून मला हायसं वाटत नाही. जे पूर्वी आभाळातून यायचं ते आता साठवून, झाकून, राखून ठेवावं लागतंय.

अमेरिकेत याच सुमाराला, थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात, मोंटानातल्या वेस्ट यलोस्टोन या लहानशा गावी स्कीपटूंची झुंबड उडते. गाव सुमारे दोन हजार मीटर उंचीवर आहे, म्हणून बर्फ लवकर पडतो. पण तीच उंची शर्यतीत अंगावर येते. विरळ हवेत सुरुवात थोडी जरी जोरात झाली तरी चढलेला दम पुढे खाली बसत नाही. समुद्रसपाटीवरून आलेल्या तरुण खेळाडूंना पहिल्या वर्षी हा धडा दोन किलोमीटरच्या आत मिळतो. दहा किलोमीटरच्या शर्यतीतले उरलेले आठ कसेबसे ओढत न्यावे लागतात.

उत्तर युरोपात विश्वचषकाच्या आधी प्रत्येक देशाचा आपापला शुभारंभ असतो. फिनलंडचे खेळाडू मुओनिओजवळच्या ओलोसला जमतात, स्वीडनचे येलिवारेला, नॉर्वेचे बेइतोस्तोलेनला. यांत बेइतोस्तोलेनच्या शर्यती जास्त अटीतटीच्या. कारण साधं आहे. नॉर्वेत उत्तम स्कीपटू इतके आहेत की त्यांतले कित्येक दुसऱ्या कुठल्याही देशात सहज पहिल्या फळीत बसले असते, आणि विश्वचषकात प्रत्येक देशाला जागा मोजक्याच. इतरांना जी शर्यत अंग मोकळं करायला असते, ती नॉर्वेच्या विसाव्या-पंचविसाव्या क्रमांकाच्या खेळाडूसाठी निवडचाचणी असते. फेब्रुवारीत बहरात यायचं म्हणून सगळा आराखडा आखलेला, आणि नोव्हेंबरातच बहर दाखवला नाही तर फेब्रुवारी पाहायलाच मिळणार नाही. या पेचातून सुटायची वाट कोणत्याही प्रशिक्षकाकडे नाही. काही जण लवकर बहरतात आणि जानेवारीत सुकतात.

२०१८च्या नोव्हेंबरात बेइतोस्तोलेनच्या त्याच मार्गावर दोन माणसांची नशिबं समोरासमोर दिसली. तेरेसे योहाउग अठरा महिन्यांच्या बंदीनंतर परतत होती. ओठांना लावायच्या मलमात बंदी असलेलं द्रव्य निघालं होतं. ती १० किलोमीटरची शर्यत जिंकली. त्याच महिन्यात रुकाची १० किलोमीटरही जिंकली आणि पुढच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये झेफेल्डच्या जागतिक स्पर्धेत तिनं तीन वैयक्तिक सुवर्णपदकं घेतली. दोन हंगाम एकही आंतरराष्ट्रीय शर्यत नसताना तिचं शरीर वेग विसरलं नव्हतं. दुसऱ्या बाजूला पेटर नॉर्थुग होता, जागतिक स्पर्धांत तेरा सुवर्णपदकं मिळवलेला, शेवटच्या शंभर मीटरांचा बादशहा. तो त्या दिवसांत मागे, फार मागे राहिला. विश्वचषकाच्या संघात जागा मिळाली नाही आणि डिसेंबरात त्यानं निवृत्ती जाहीर केली. एरवी पहिल्या शर्यतीच्या निकालावर फार विसंबू नये म्हणतात, आणि ते खरंच आहे. पण तीन वर्षांची घसरण ज्याच्या पायांना आधीच ठाऊक असते, त्याला तो निकाल वेगळ्या तऱ्हेनं वाचता येतो.

आता पुन्हा रुकाला येऊ. शर्यतीच्या सकाळी खेळाडू झोपलेले असतानाच संघाचे मेण लावणारे तंत्रज्ञ मार्गावर गेलेले असतात. अव्वल खेळाडूकडे स्कीच्या कित्येक जोड्या असतात, प्रत्येकीची कमान थोडी वेगळी, तळव्याची घासणी वेगळी. क्लासिकची स्की धनुष्यासारखी मध्ये उचललेली असते. एका पायावर सगळं वजन देऊन दाबलं तरच मधला भाग बर्फाला टेकतो, आणि त्याच भागाला पकडीचं मेण लावतात. दाबाखाली बर्फाचे स्फटिक त्या मेणात रुततात, पाय अडतो, रेटा मिळतो. वजन हललं की कमान पुन्हा वर येते आणि स्की घसरायला मोकळी होते. कडक थंडीला हिरवं मेण, त्याहून सौम्य थंडीला निळं, शून्याच्या आसपास जांभळं, ओल्या बर्फाला तांबडं, असा ढोबळ हिशेब. वितळून पुन्हा गोठलेल्या खडबडीत बर्फावर हे कांडीचं मेण टिकत नाही. तिथे ट्यूबमधून काढायचं काकवीसारखं चिकट क्लिस्टर लागतं.

नोव्हेंबरातला बर्फ या हिशेबाला दाद देत नाही. यंत्रानं फवारलेला बर्फ म्हणजे गोठलेले थेंब असतात. गोल, घट्ट आणि कानशीसारखे मेण खरवडून काढणारे. त्यावर रात्री चार बोटं ताजा बर्फ पडला की वर टोकदार चांदण्या आणि खाली वाळू अशी अवस्था होते. पकड मिळावी म्हणून मेण जाड लावलं, तर ताजा बर्फ त्याला चिकटून स्कीखाली गोळे होतात. पातळ लावलं, तर पाचव्या किलोमीटरला तळवा कोरा होतो आणि चढावर पाय मागे जायला लागतात. उणे पंधरावर आणखी एक अडचण असते. एरवी घर्षणानं स्कीखाली पाण्याचा अतिशय पातळ पापुद्रा तयार होतो आणि स्की त्यावरून निसटते. कडाक्याच्या थंडीत तो पुरेसा बनत नाही आणि स्की वाळूत ओढल्यासारखी चालते. स्की नीट घसरावी म्हणून फ्लोरिनची मेणं, विशेषतः ओल्या बर्फावर, जालीम उपाय होती. ती पर्यावरणात आणि माणसाच्या रक्तात साचून राहतात, म्हणून आंतरराष्ट्रीय स्की संघटनेनं २०१९ मध्ये बंदीचा निर्णय घेतला आणि २०२३–२४च्या हंगामापासून ती पूर्ण अमलात आली. आता शर्यतीच्या दिवशी स्कीचा तळवा यंत्राखाली तपासला जातो. वर्षानुवर्षं बंद खोल्यांत या मेणांची वाफ छातीत घेणारे तंत्रज्ञच होते, त्यामुळे हा निर्णय मला अगदी योग्य वाटतो.

मग सुरुवात. एकेक खेळाडू तीस-तीस सेकंदांनी सुटतो. शेजारी कोणी नाही, समोर कोणी नाही, आणि पहिला किलोमीटर फसवा. पंधरवडाभर हलका सराव केलेले पाय ताजे असतात, छाती धडधडत असते आणि वेग वाजवीपेक्षा जास्त असूनही सोपा वाटतो. मार्गाच्या कडेला उभा असलेला प्रशिक्षक ओरडून सांगतो, पाचव्या क्रमांकावर आहेस! खेळाडूला ते खरं वाटतं. रुकाचे चढ उभे आणि लांब आहेत. दुसऱ्या मोठ्या चढाच्या मध्यावर मांड्या भरून येतात, दांडे जड होतात, पावलं आखूड पडायला लागतात. चढावर हे खेळाडू श्वासातून मिळणाऱ्या प्राणवायूपुरतंच काम करत नाहीत. ते उधारीवर चालतात आणि उतारावर, गुडघ्यांत वाकून, काखेत दांडे घेऊन, वीस-तीस सेकंदांत ती उधारी जमेल तेवढी फेडतात. कुठल्या चढावर किती उचल घ्यायची, म्हणजे माथ्यापलीकडे ती फिटेल, हे खेळाडूच्या अंगात मुरलेलं असतं. हंगामाच्या सुरुवातीला अंदाज नेमका इथेच चुकतो. पहिल्या फेरीत पाचवा असलेला शेवटी तिसाव्या क्रमांकावर येतो. त्याची ताकद कमी पडलेली नसते, मोजमाप चुकलेलं असतं. दोन आठवड्यांनी तोच माणूस, त्याच शरीरानं, पहिल्या दहांत येऊ शकतो.

कधी कधी हंगामाची पहिली शर्यत भलतंच काही दाखवून जाते. २०१७च्या नोव्हेंबरात, एकविसाव्या वर्षी, योहानेस होस्फ्लोत क्लेबो रुकाच्या उभ्या चढावर आला आणि घसरायचं सोडून चक्क पळायला लागला. स्की पायात असताना, चवड्यांवर, आखूड भराभर उड्या मारत. बाकीचे त्याच चढावर जड पावलं टाकत होते. तो स्प्रिंट जिंकला, दुसऱ्या दिवशी १५ किलोमीटर क्लासिकही जिंकला. त्याचं ते चढावरचं पळणं पुढे जगभरातल्या पोरांनी गिरवलं. २०२५ मध्ये ट्रॉनहाइमच्या जागतिक स्पर्धेत सहाच्या सहा सुवर्णपदकं घेणाऱ्या माणसाची ओळख जगाला पटली ती अशा एका अंधारलेल्या नोव्हेंबरात.

शेवटची रेषा ओलांडल्यावर खेळाडू बर्फावर कोसळतात ते दूरचित्रवाणीवर दिसतं. त्यानंतरचा खोकला दिसत नाही. जोराच्या श्रमात मिनिटाला दीडशे-दोनशे लिटर हवा छातीत जाते-येते. उणे पंधराच्या हवेत बाष्प जवळपास नसतंच. ती हवा गरम आणि ओलसर करण्यासाठी श्वासनलिका स्वतःचं पाणी देत राहतात, कोरड्या पडतात, आकसतात. उन्हाळाभर ही सवय नसल्यानं पहिल्या शर्यतीनंतर तोंडात लोखंडासारखी चव येते आणि रात्रभर कोरडा खोकला सुटत नाही. क्रॉस-कंट्री स्कीपटूंमध्ये दम्याचं प्रमाण सर्वसाधारण लोकांपेक्षा बरंच जास्त आहे, त्याचं हेही एक कारण. म्हणून सरावात पुष्कळ जण श्वासातली ऊब आणि ओलावा धरून ठेवणारा मुखवटा लावतात. वाऱ्याच्या माऱ्यानं गाल गोठू नयेत म्हणून शर्यतीत गालांवर आणि नाकावर चिकटपट्ट्या लावलेल्या दिसतात, त्या याच थंडीशी झालेल्या तहाच्या खुणा.

शरीराचं हे सगळं झालं. मनाचं काय असतं, ते अमेरिकेच्या जेसी डिगिन्समुळे लोकांपुढे आलं. मिनेसोटात वाढलेल्या या मुलीनं २०१८ मध्ये किकन रँडलसोबत प्याँगचँगच्या सांघिक स्प्रिंटमध्ये अमेरिकेला या खेळातलं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण मिळवून दिलं. किशोरवयात तिला खाण्याच्या मानसिक आजारानं ग्रासलं होतं. २०२३च्या सप्टेंबरात, हंगाम तोंडावर असताना, तो आजार परत आल्याचं तिनं स्वतःहून जाहीर सांगितलं. शरद ऋतू हा या खेळात स्वतःला आरशात आणि काट्यावर पारखण्याचा काळ. चढावर वजन अंगावर येतं, शेजारचा सडपातळ दिसतो, आणि आपण तयार आहोत की नाही हे सांगणारी शर्यत अजून आलेली नसते. त्या रिकाम्या आठवड्यांत मन कशाला चिकटेल याचा नेम नसतो. तिनं तब्येतीला पहिला मान दिला, हंगामात उतरली आणि त्या वर्षीचा सर्वसाधारण विश्वचषक तिनंच जिंकला. पुढच्या वर्षी रुकाची वीस किलोमीटरही. जिंकली नसती, तरी ते सांगण्याचं मोल माझ्या लेखी तेवढंच राहिलं असतं.

आपल्याकडच्या खेळाडूंना नोव्हेंबर असा लाभतच नाही. ताशी लुंडुप २०१०च्या व्हँकुव्हरला, नदीम इक्बाल २०१४च्या सोचीला आणि जगदीश सिंग २०१८च्या प्याँगचँगला क्रॉस-कंट्रीत भारताकडून उतरले. गुलमर्गचा भरवशाचा बर्फ येतो तो डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे युरोपात चार-पाच शर्यती होऊन गेलेल्या असतात तेव्हा. तोही आता भरवशाचा राहिलेला नाही. २०२५ मध्ये खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गचा टप्पा फेब्रुवारीत बर्फ नसल्यानं मार्चवर ढकलावा लागला. ज्याचा हंगाम इतरांच्या हंगामाच्या शेवटाला सुरू होतो, त्यानं चढावरची उधारी मोजायला शिकायचं केव्हा? निकालपत्रात शंभराच्या आसपास भारताचं नाव दिसतं, तेव्हा हा प्रश्न विचारून मगच पुढे जावं.

रुकाच्या शर्यती लागोपाठ तीन दिवस असतात. पहिल्या दिवशी दुपारी तीनला दिव्यांच्या उजेडात खेळाडू पुन्हा स्की बांधून निघतात, अगदी सावकाश, पायांतला ताण उतरावा म्हणून. खोकत, बोलत, मध्येच थांबत. मेणाच्या गाडीत तंत्रज्ञ आज चाललेल्या जोड्यांवर पट्टी चिकटवून तापमान, बर्फाची जात, पकड किती किलोमीटर टिकली ते लिहून ठेवतात. संध्याकाळी उद्याची क्रमवारी लागते. सकाळी तिसावा आलेला माणूस त्यात आपलं नाव आणि सुटण्याची वेळ शोधतो, आणि मग खोलीत जाऊन आजच्या प्रत्येक चढाला किती सेकंद गेले ते वहीत उतरवायला बसतो. बाहेर बर्फ पडायला लागलेला असतो, म्हणजे उद्याचं मेण पुन्हा पहिल्यापासून ठरवावं लागणार.